डाळिंबाची साल आणि पांढरे उंदीर

रिटायर झालो तेव्हा फायली सरकारनं मोजून घेतल्या. किस्से मागायला कुणी आलं नाही, ते माझ्याकडंच राहिले! हे एकोणीसशे साठच्या सुमाराचे, उस्मानाबादेतले. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत आमचे डॉक्टरसाहेब डाळिंबाच्या सालीचा अर्क काढत. त्यानं कॅन्सरची गाठ आटते का, हे बघायचं. त्याआधी जीव तर जात नाही ना, हे उंदरांवर बघायचं. मी तिथला क्लार्क.

*

एक पोतं साली हव्यात, असं वरच्या ऑफिसला कळवलं. महिन्यानं उत्तर आलं : "आतील फळांची विल्हेवाट कशी लावणार, याचा खुलासा करावा."

साहेब म्हणाले, "लिहा, ऑफिस सुटल्यावर लावू!"

*

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं सरबत समजून अर्काचा ग्लास उचलला.

"थांबा!" साहेब ओरडले. "अजून उंदरांनी पास केलेलं नाही!"

पुढची तपासणी उभ्या उभ्या झाली.

*

दोन महिन्यांत अर्क पिणाऱ्या उंदरांचं वजन वाढलं. साहेब खूश. माझा रिपोर्ट निम्मा टाइप झाला, तेव्हा चपराशी गफूरभाई खाकरले.

"साब, ते माझ्या भाकरीचं वजन हाय. डब्यातली रोज अर्धी घालतो."

"सगळ्या उंदरांना?"

"न्हाय साब. कडू पितात त्यांनाच. बाकीच्यांचे कशाला लाड?"

रिपोर्ट फाडला. पुन्हा पहिल्यापासून!

*

लोहाऱ्याच्या पारूबाईंच्या छातीत गाठ होती. साहेब सांगत, "सोलापूरला ऑपरेशन करा, अजून वेळ आहे." बाई म्हणायच्या, "कापून घ्यायची न्हाय. तुमचं सालीचं औषध होऊ द्या." दर आठवड्याला विचारायला यायच्या. आता आणखी काही महिने लागणार, हे ऐकून म्हणाल्या,

"मग मलाच पाजा की. उंदराला कुठं बोलता येतंय? कसं वाटतंय ते म्या सांगन."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तर तेबी सांगन!"

साहेबांनी अर्काची बाटली उचलली आणि बाईंच्या देखत मोरीत ओतली. "संपलं. आता सोलापूर."

बाईंनी पिशवी उचलली. मग दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "चला."

साहेब स्वतः स्टँडवर आले. एस्टी सुटताना बाईंनी खिडकीतून विचारलं, "साहेब, तिथलं कापणं तरी उंदरावर करून बघितलंय न्हवं?"

साहेब पुण्याचे, शुद्ध बोलणारे. गाडीच्या मागं चार पावलं धावत ओरडले,

"व्हय बाई, व्हय! समदे उंदीर चालत घरी गेले!"