त्या दिवशी मला संशय आला नाही

फोन कमलच्या नंबरवरून आला, पण आवाज कमलचा नव्हता. "तुम्ही वहिनी का? या फोनवर शेवटचा नंबर तुमचाच आहे," कुणी बाई बोलत होती. मागे एस.टी.ची घरघर ऐकू येत होती. "मी कंडक्टर बोलते. तुमच्या बाई गाडीत बेशुद्ध पडल्या आहेत. गाडी सरळ धुळ्याच्या दवाखान्यात घेतोय. घरच्यांना कळवा." मला वाटलं, फसवणुकीचा फोन आहे. हल्ली असे फोन येतात, आधी घाबरवतात आणि मग काहीबाही विचारतात. म्हणून मीच तिला विचारलं, "तिच्या लुगड्याचा रंग सांग." ती मग म्हणाली, "हिरवं. जांभळा काठ. मावशी, वेळ नाही हो..." तासाभरापूर्वी मीच कमलला त्या हिरव्या लुगड्यात अमळनेरच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं होतं. मी तिच्या मुलाला, रमेशला, फोन लावला. तो दवाखान्यात पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

कमल माझी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती परकरात होती, आणि पहिल्याच दिवशी तिने सासूला जाऊन सांगितलं की नवी वहिनी दूध हुंगल्याशिवाय चुलीवर ठेवत नाही. मी आहेच तशी. दूधवाला, भाजीवाली, सून, पुजारी, कुणावरही माझा लवकर विश्वास बसत नाही, घरातल्या कोनाड्यालासुद्धा मी कुलूप लावायची. कमल माझ्या अगदी उलट. जो भेटेल तो तिला चांगलाच वाटायचा. मला म्हणायची, "वहिनी, तू देवले बी पावती मांगशी!" धुळ्याला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने वीस-बावीस वर्षं भाकऱ्या थापल्या. नवरा लवकर गेला, त्याचं रडगाणं तिने कधी गायलं नाही. माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, गेल्यावर तर आम्ही दोघी नणंद-भावजयीपेक्षा बहिणीच जास्त झालो. ती अमळनेरला राहायला आली की एकच डबी पुढ्यात ठेवून दोघी मिश्री घासायचो. सकाळी, जेवण झाल्यावर, चहाच्या आधी, झोपताना. तंबाखू भाजूनच ती करतात हे माहीत होतं, पण तंबाखू खाणारे ते पुरुष, आम्ही तर फक्त दात घासतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात जिना चढताना तिला दम लागायला लागला. रमेशने डॉक्टरांना दाखवलं तर रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी रोज घ्या, मीठ कमी करा, मिश्री बंद करा, सकाळी चाला आणि हृदयाचा कागद, ईसीजी म्हणतात तो, काढून घ्या, असं त्यांनी सांगितलं. तिने मला फोन करून विचारलं, काय करू? मी म्हणाले, "एकदा गोळी धरली की ती सुटत नाही. त्यांची दुकानं त्यावरच चालतात. एक दिवसाआड घे, कागदाचं नंतर बघू." तिने ऐकलं. ती सगळ्यांचंच ऐकायची, पण डॉक्टरचं आणि माझं वेगळं निघालं तेव्हा तिने माझं ऐकलं. हे मी सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, पण हात लिहायला तयार नव्हता.

आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांगं सुरू करायचं. सासूच्या हाताची चव कमलच्या हाताला आली होती, त्यामुळे दर वर्षी त्या दिवशी ती सकाळच्या गाडीने अमळनेरला यायची, अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची आणि लाकडाच्या भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचायची. यंदाही आली. पण रिक्षातून उतरली ती ओट्यावरच बसून राहिली. मला वाटलं, यंदा ठेचायचं काम माझ्यावर ढकलते आहे.

"काय व्हयनं तुले?" मी विचारलं.

"जबडा दुखी ऱ्हायना वहिनी. डावीकडला. अन् पाठ बी."

"दात किडला असंल."

"दात कुठे ऱ्हायनात आते? चारच, ते बी उजवीकडे!" असं म्हणून ती हसली. मीही हसले. डावीकडे दात नसताना दुखतंय काय, हा प्रश्न आत्ता लिहिताना पडतो. तेव्हा पडला नाही. मी मिश्रीची डबी पुढे केली, म्हटलं हिरडीला दाबून धर, सुन्न होईल. आमच्या गल्लीत दुखणाऱ्या दाढेवर सगळ्या बायका हेच करतात. तिने दोनदा लावली. मग ती जाळापुढे बसली आणि घामाने भिजली. पण काड्यांच्या जाळापुढे कुणाला घाम येत नाही? मलाही आला होता, आणि मिरच्या भाजायला घेतल्यावर तर डोळ्यांना-नाकालाही धार लागली. तिचा घाम गार होता का, हे मी हात लावून बघितलं नाही. जेवायला बसली आणि एक घास घेऊन तिने ताट सरकवलं. मळमळतंय म्हणाली. मी ओवा दिला, सोडा पाजला. पित्त आहे म्हणाले. गाडी चुकली तर रमेश वाट बघेल, असं तिचंच चाललं होतं, म्हणून मी तिच्या स्टीलच्या डब्यात भरीत भरलं. त्या डब्यावर तिचं नाव कोरलेलं आहे, लग्नात मिळालेला डबा, आमच्या दोन घरांत भरून ये-जा करणारा. खिडकीतून तो हातात घेताना म्हणाली, "डबा परत येईल हो, कुलूप लावू नको..." तिचं शेवटचं बोलणं हेच, माझी चेष्टा.

शेवटची आंघोळ घालायला मी होते. तिच्या छातीवर मधोमध काळानिळा डाग होता, तळहाताएवढा, आणि ब्लाऊजची दोन बटणं तुटलेली होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, गाडीत कंडक्टरणीनं छाती दाबली म्हणे. दुसरी म्हणाली, दाबली का बडवली? तो डाग माझ्या डोळ्यांपुढून हलेना. रमेशच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. तिसऱ्या दिवशी चारचौघांत त्याने मला विचारलं, "मामी, आईला त्या दिवशी खाऊ काय घातलं?" दहाव्याला डबा परत आला, घासूनपुसून, आणि रिकामा. आमच्या घरात डबा रिकामा परत देत नाहीत, साखरेचे चार दाणे तरी टाकतात. रमेशला हे ठाऊक आहे. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याने डब्यातून म्हटलं.

मी धुळ्याच्या स्टँडवर गेले आणि त्या कंडक्टरबाईला शोधून काढलं. चाळिशीची असेल, तिकिटांचं मशीन गळ्यात, हातात चहाचा कप. मी सरळ विचारलं, "माझ्या नणंदेच्या छातीवर डाग कसला? तू काय केलंस तिला?" तिने कप खाली ठेवला. "मावशी, मारलं नाही, दाबलं. श्वास थांबला होता. आम्हाला प्रशिक्षणात बाहुलीवर शिकवलं होतं, दोन्ही हात छातीच्या मधोमध ठेवून जोरात आणि भरभर दाबत राहायचं, दवाखाना येईपर्यंत. बाहुलीची छाती मऊ असते हो. माणसाची कडक असते. बरगडीचा आवाज आला तेव्हा वाटलं, सोडून द्यावं. पण थांबायचं नाही असं शिकवलेलं, म्हणून थांबले नाही. दमले की एक शेतकरी बाबा दाबायचे, मग परत मी." मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आता मी एक विचारू? गाडीत चढली तेव्हाच तिचं अंग घामानं ओलं होतं, तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, उतरा, इथेच दवाखान्यात जा. तर म्हणाली, पित्त आहे, वहिनीनं ओवा दिला. तुम्हाला काहीच संशय आला नाही?"

मी भांडायला गेले होते. तिथल्या बाकावर बसून राहिले... सगळं आयुष्य मी दुधावर संशय घेतला, माणसांवर घेतला, डॉक्टरवर घेतला, फोनवरच्या या बाईला लुगड्याचा रंग विचारला. फक्त ओव्यावर घेतला नाही. मिश्रीच्या डबीवर घेतला नाही. आपल्या हाताने दिलेल्या वस्तूंवर माणूस संशय घेतच नाही.

घरून निघतानाच मी डबा बरोबर घेतला होता, ज्वारीच्या लाह्या भरून. त्याने रिकामा पाठवला तरी मी रिकामा नेणार नव्हते. स्टँडवरून तशीच रमेशच्या दुकानात गेले. त्याचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे, दिवसभर बसून असतो, पोट सुटलंय, गल्ल्याशेजारी तंबाखूची पुडी. मी त्याला सगळं सांगितलं. गोळी एक दिवसाआड घ्यायला मी सांगितलं, मिश्री मी दिली, ओवा मी दिला, गाडीत मी बसवलं. आणि ती कंडक्टरबाई तुझ्या आईसाठी जेवढी झटली तेवढी मी झटले नाही. तो टेबलाकडे बघत होता. मी म्हटलं, "मला माफ कर असं मी म्हणत नाही. तू हृदयाचा कागद काढून घे."

"मला काही होत नाही मामी."

"तीही गाडीत पित्तच आहे म्हणाली होती."

"तुम्हीच म्हणायच्या ना, डॉक्टर लुटतात?"

"म्हणत होते. आता तू माझ्यावर संशय घे."

तो मला सोडायला दारापर्यंतही आला नाही. मी डबा तिथेच ठेवला आणि गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःचा रक्तदाब बघितला. तोही वाढलेला निघाला. गोळी रोज घेते. मिश्री गटारीत टाकली, आठ दिवस डोकं ठणकत होतं. डॉक्टरीणबाईंना मी खोदून खोदून विचारलं आणि जे कळलं ते गल्लीत दारोदार सांगितलं, इथेही सांगते. बाईमाणसाला हृदयाचा हा झटका छातीत कळ आल्याशिवायही येतो. जबडा दुखतो, पाठ किंवा हात भरून येतो, दम लागतो, मळमळतं, गार घाम येतो. अशा वेळी ओवा शोधत बसू नका, एस.टी.त तर बसवूच नका. बाईला स्वस्थ बसवा आणि सरकारी रुग्णवाहिकेला फोन लावा, पहिला तास फार मोलाचा असतो. पित्त निघालं तर निघू द्या, तुमचं हसं होईल, एवढंच ना? मी ओट्यालगतच्या भिंतीवर त्या रुग्णवाहिकेचा नंबर, १०८, खडूने मोठा लिहून ठेवला आहे. पुसट झाला की पुन्हा गिरवते.

गेल्या आठवड्यात ती कंडक्टरबाई अमळनेरच्या स्टँडवर माझं नाव विचारत होती. रमेशने तिला शोधून माझ्यासाठी तिच्या हातात डबा दिला होता. निरोप कळला तशी मी स्टँडवर गेले, आणि डबा घेताना सवयीने हातात तोलून बघितला. जड लागला. घरी येऊन उघडला तर आत बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, आणि त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला गुलाबी कागद. मी चौथी शिकले, त्या कागदावरचं इंग्रजी मला काही वाचता येत नाही. रेघ मात्र दिसते. वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. मागच्या बाजूला पेनाने लिहिलं होतं, "मामी, गोळी सुरू केली. रोजची."

मी लगेच फोन लावला आणि म्हटलं, "पाकीट हातात घे आणि किती उरल्या ते मोजून सांग." तो चिडला, पण मोजून सांगितलं. आता रोज सकाळी आठ वाजता मी हे विचारते. तो म्हणतो, तुमचा विश्वासच नाही. मी म्हणते, नाहीच.

तो कागद कमलच्या डब्यात ठेवला आहे आणि डबा ओट्यासमोरच्या कोनाड्यात, जिथे आमची मिश्रीची डबी असायची. झाकणावर तिचं नाव आहे, घासून घासून पुसट झालेलं, पण बोट फिरवलं की लागतं. कोनाड्याला फळीचं दार आहे, कडी आहे. कुलूप मी लावलेलं नाही.