तुमच्या बेटावरचं ‘तू’

बाळांनो, मॉरिशसबद्दल मी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, तुमच्या मामाच्या घरी बसून लिहावं, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण तुम्ही तिथेच वाढता आहात, तुम्हाला ते दिसत नाही. मी गेल्या वर्षी गणपतीला तुमच्याकडे आले आणि सगळं बघून घेतलं, कारण मी हेव्याने बघत होते.

तुमचं बेट हिंदी महासागरात एकटंच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, उसामागे टोकदार काळे डोंगर. लाटा दूर प्रवाळाच्या कड्यावर फुटतात आणि किनाऱ्याशी पाणी इतकं शांत की तुमच्यासारखी मुलं आईला न विचारता त्यात शिरतात. आमच्याकडे थंडीने तळं गोठतं, तेव्हा तुमच्या दारात लिचीचे घोस लागलेले असतात. देवळाला लागून मशीद, पुढे चर्च, आणि तिन्हींच्या सणांना शाळेला सुट्टी. इथे आम्ही गणपती सोयीच्या शनिवारी बसवतो. तुमच्याकडे गणपतीची सरकारी सुट्टी असते! मला तेव्हाच पोटात दुखलं.

माणसं भांडतात क्रिओलमध्ये, शिकतात इंग्रजीत, पेपर वाचतात फ्रेंचमध्ये. तुमच्या बाबांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला नेलेले. त्यांनी बरोबर नेलेली जाखडी तिथे ‘झाकरी’ झाली, पण अजून नाचतात. तुम्हीही नाचलात, मी पाहिलं.

आणि या सगळ्याच्या मधोमध तुमची तिथली आजी, म्हणजे माझी विहीण.

मी रीतीप्रमाणे पैठणी, सुका मेवा आणि “विहीणबाई, तुम्ही कशा आहात?” असं सगळं तयार ठेवून गेले होते. त्या दारातूनच ओरडल्या, “ये गो, ये! किती सुकलीस! बस, दालपुरी खा.” पहिल्या भेटीत विहिणीला एकेरी! माझ्या आईने ऐकलं असतं तर ती उंबऱ्यावरूनच परत फिरली असती. मी बसले. दालपुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. मी दोन खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि त्याचाही मला राग आला.

तेवढ्यात तुम्ही दोघं शाळेतून आलात. धाकटा तिथल्या आजीच्या पदरात शिरला. “आजी, तू माझा बॉल कुठे ठेवलास गं?” मग तुम्ही माझ्याकडे वळलात, सरळ उभे राहिलात आणि म्हणालात, “आजी, तुमचा प्रवास कसा झाला?”

एकही चूक नव्हती. असणार कशी? दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मीच ते घोटून घेतलं होतं. मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं. तिने काहीच शिकवलं नव्हतं आणि तिला ‘तू’ मिळालं होतं. त्या घरात मी राहिले तेवढे दिवस तुमच्या तोंडून एक ‘तू’ मिळावं, एवढंच मला हवं होतं. मिळालं नाही. विसर्जनाला ती गुडघाभर पाण्यात उभी होती, तुम्ही तिच्या दोन्ही हातांना लोंबकळत होता, आणि मला कोणीतरी वाळूत खुर्ची आणून दिली होती. आदराने.

परत आल्यावर तुमच्या मामाला सांगितलं, तर तो हसत सुटला. “आई, तू जळतेस यार!”

“मी कशाला जळू?”

“मग डायरेक्ट सांग ना त्यांना. मी तुला तूच म्हणतो, काय बिघडलं?”

‘तू’ काय मागून घ्यायचं असतं? पण गेल्या रविवारी कॉलवर मागितलं. म्हटलं, “आजपासून मला ‘तू’ म्हणायचं. नियम बदलला.”

तुम्ही एकमेकांकडे बघितलंत. मग थोरलीने घसा साफ केला आणि म्हणाली, “आजी, तू कशा आहात?”

माझ्या जिभेवर दुरुस्ती आली होती. मी ओठ घट्ट मिटले. इकडे मामा हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाला. तेवढ्यात पडद्याच्या कडेला त्यांचं, म्हणजे तुमच्या तिथल्या आजीचं, तोंड दिसलं. “अगो, कशा आहात नाय! ‘कशी आहेस गो’ म्हण! ती काय मास्तरीण आहे?”

“कशी आहेस गो?” तुम्ही दोघं एकदम ओरडलात.

“बरी आहे,” मी म्हटलं.

खरंच बरी होते. फक्त माझं ‘तू’सुद्धा तुम्हाला तिनेच शिकवलं.