कंडक्टरचा विंचू

तिकिटं फाडून झाली, की मी रोज शाळेत शिकवायला जायचो त्या मंठ्याच्या बसचे कंडक्टर पुढच्या सीटवर बसून खिशातून व्हिडिओ गेम काढायचे. चाळिशीचा, मिशीवाला माणूस त्या खेळात विचित्र प्राणी पकडून त्यांची झुंज लावतो, याचं मला भारी कुतूहल वाटे. त्या खेळात त्यांनी पाळलेला प्राणी एकच होता, जांभळा, विंचवासारखा, विषारी नांगीचा. त्याच्याशी ते बोलायचे, "जल्दी करू नको, बाबा. बराबर बघून मार."

"एखादा देखणा घ्या की," मी एकदा म्हणालो.

"देखण्याला सगळेच घेतेत, सर. ह्याला कोन घेईल?"

एका दुपारी चालत्या बसमध्ये एका मावशींच्या गोवऱ्यांच्या पोत्यातून खराखुरा विंचू निघाला आणि त्यांच्या हाताला चावला. "मेले गं माय" म्हणत त्या थरथरू लागल्या. कंडक्टर ड्रायव्हरवर ओरडले, "कुठंच थांबू नको, सरळ दवाखान्यात घे!" मग मावशींशेजारी बसून त्यांनी गेम त्यांच्या दुसऱ्या हातात दिला.

"अगं बया, ह्यो बी विंचूच!"

"हा आपला हाय, मावशी. हे बटन दाबा, समोरच्याला हानतो."

दवाखाना येईपर्यंत मावशी रडत रडत बटण दाबत राहिल्या.

आम्ही सगळे बसमध्येच थांबलो. बऱ्याच वेळानं कंडक्टर रिकाम्या हातांनी परतले.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"इंजेक्शन देलं. डॉक्टर म्हनले, आता धोका न्हाई." मग ते मिशीत हसले. "आपला विंचू हरला, सर. मावशी म्हनल्या, पुन्हा लावून द्या. मंग गेम तिथंच ठिवून आलो."