सगळ्यांचं एकच उत्तर

वहिनीला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. इमारतीत कुणाचा नळ गळो नाहीतर कुणाची सोयरीक मोडो, ही मध्ये हजर. वर उत्तरं तयार, समोरच्याने विचारण्याआधीच.

नवरा जहाजांच्या कारखान्यात वेल्डर. हात सोन्याचा, पण राग नाकावर. बाहेरच्या यार्डातल्या धुराने त्याला धाप लागायला लागली होती, आणि आता नौदलाच्या बंद शेडमध्ये जागा निघाली होती. तिथे धूर खेचणारे पंखे, म्हणून हवा स्वच्छ; काम नाजूक. मात्र आत जायला सुरक्षेचा पास लागतो, आणि पास देण्याआधी माणसाची वागणूक तपासतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही विचारतात.

शेजारी म्हटल्यावर वहिनीला जिन्यातलं प्रकरण आठवलं. गेल्या वर्षी स्कूटर लावण्यावरून नवऱ्याने वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला जिन्यात ढकललं होतं. मग ती घरोघर फिरली. "साहेब आले की एवढंच म्हणा, शांत माणूस आहे, कधी आवाज चढवला नाही." ड्रायव्हरलाही तिने तेच सांगितलं. "माझं काय जातंय?" म्हणत तोही कबूल झाला.

चौकशीचे साहेब आले त्या दिवशी तिने एकच फळी तीनदा पुसली. मध्येच दाराला कान लावायची, मध्येच गॅलरीत जायची. शिंपिणीच्या दारातून ऐकू आलं, "शांत माणूस आहे, कधी आवाज चढवला नाही." वहिनी खूश. मास्तरांकडे तेच. समोरच्या दारात तेच. ड्रायव्हरनेही पाढे म्हटल्यासारखं तेच म्हटलं, तेव्हा मात्र तिचं तिलाच कसंतरी झालं.

शेवटी साहेब तिच्याकडे येऊन बसले. पाण्याचा ग्लास त्यांनी तसाच ठेवला.

"तुमच्या मिस्टरांनी काल स्वतःहून सांगितलं, ड्रायव्हरना जिन्यात ढकललं म्हणून. झाकलं नाही, म्हणून मीही ते फार मनावर घेतलं नव्हतं. पण आज अख्खी इमारत एका सुरात खोटं बोलतेय. लोकांना पढवून ठेवणाऱ्या माणसाला मी आत कसा सोडू?"

 वहिनीच्या जिभेवर दोन-तीन सबबी आल्याही. पण कुठलीही सांगितली तरी ती नवऱ्याच्याच मानेवर बसणार होती.

"त्यांनी नाही, मी पढवलं," ती म्हणाली. "त्यांना पत्तासुद्धा नाही. भीती वाटली हो मला. रात्र रात्र खोकतात ते."

साहेबांनी ड्रायव्हरला खाली बोलावलं. पाठोपाठ सगळा मजला दारात जमला. "वहिनींनीच सांगितलं तसं बोलायला," ड्रायव्हर म्हणाला. "ढकललं होतं त्याने मला. दुसऱ्या दिवशी माफी मागायलाही तोच आला होता, हे मात्र मला कुणी सांगूच दिलं नाही." वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो भडकेल अशी तिची खात्री होती. त्याने बूट काढून कोपऱ्यात ठेवले.

"मला विचारायचंस तरी," तो म्हणाला.

"तुम्ही तरी सांगायचं!"

"सांगणार होतो. तू ओरडशील म्हणून गप्प बसलो."

पुढे महिनाभर जिन्यात पाऊल वाजलं की ती उठायची. अखेर पास आला. नवऱ्याचा खोकला उतरला, झोप लागायला लागली. फक्त शेडमधलं अवाक्षर घरी काढायचं नाही, असा तिथला नियम. "आज काय केलं?" विचारलं तर म्हणायचा, "काम." तिचा जीव नुसता खालीवर व्हायचा, पण तिने पुन्हा विचारलं नाही.

एकदा शिंपिणीने जिन्यात गाठलं. "वहिनी, तुमचे हे आत बनवतात तरी काय?"

"खरंच माहीत नाही गं. देवाशपथ."

शिंपीण हसली. "हे कुणी पढवलं तुम्हाला?"