मामांची बिनआवाजी मोटर

आमच्या इमारतीला पाणी सकाळी सहा ते साडेसहा, एकाच सामाईक पाइपातून. गच्चीलगतच्या घरात राहणारे मामा प्लंबर. सगळ्या इमारतीचं पाणी त्यांच्या हाताखालून जातं, फक्त त्यांच्याच घरी पोचेनासं झालं होतं.

सुरुवात केली तळमजल्यावरच्या मास्तरांनी. जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेला माणूस. "मामा, पाइपाला एक छोटीशी मोटर लावा. आवाज नको. आणि बोलायचं नाही कुठे." मामांनी जुन्या गादीचा फोम मोटरभोवती गुंडाळला, खाली रबरी चपलेचे तुकडे दिले. चालू मोटरवर मास्तरांची मांजर झोपायची, इतकी गप्प!

मास्तरांनी ओढलं की शेजाऱ्याची धार बारीक. मग शेजारी आला, "मामा, एक छोटीशी... बोलू नका हं." वर्षभरात चौदा घरांत चौदा मोटरी झाल्या आणि प्रत्येकाला वाटे, आपलीच काय ती एकट्याची. (नववी माझी. आता लपवू कशाला?) सगळेच ओढायला लागल्यावर खाली पाणी पूर्वीइतकंच आलं; वर मात्र थेंब नाही.

"सगळ्यांकडे धबधबे, आणि मी बादल्या घेऊन जिने चढते," मामी म्हणाल्या.

"अगं, शब्द दिलाय लोकांना."

"मग शब्दानेच आंघोळ करा. सोमवारपर्यंत नळाला पाणी आलं नाही, तर मी चालले बहिणीकडे. कायमची."

त्याच आठवड्यात सभा झाली. अध्यक्ष अर्थातच मास्तर. "सामाईक वस्तूला वाली नसला की जो तो ओरबाडतो. नियम हवा! मोटरबंदी!" ठराव एकमताने पास. तपासायला कोण? सगळ्यांची बोटं मामांकडे.

मामांनी घरोघर चौदा कप चहा घेतला. "आमच्याकडे काही नाही, तुम्हाला तर माहीतच आहे," असं सगळे डोळे मिचकावून सांगत. खरं लिहावं तर चौदा जणांचा विश्वासघात. खोटं लिहावं तर मामी बहिणीकडे. मामांनी लिहिलं, "मोटर आढळली नाही."

आणि सोमवारी सहाला जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

मास्तर बनियनवरच धावत आले. "मामा, वीज!"

"मीच बंद केली. रोज अर्धा तास."

"का पण?"

"मोटर तर नाहीच कुणाकडे. मग अडलंय कुठे?"

"पंखा..."

"या थंडीत?"

तेवढ्यात वरून मामींची हाक आली, "अहो, आलं! आलं!"

तेव्हापासून मामा रोज अर्धा तास त्या कोंदट खोलीत दाराला पाठ लावून बसतात. उठले की कोणीतरी स्विच वर करणार, याची त्यांना खात्री आहे. घरचा नळ वाहताना त्यांनी अजून पाहिलेला नाही.

परवा दारापलीकडून मास्तर कुजबुजले, "मामा, बॅटरीवर चालणारी एखादी... आवाज नको."

सवयीने मामांच्या तोंडातून निघूनच गेलं, "जुनी गादी आहे का घरात?"