अंधेरी बाजारातली दोन हात फरशी

सरूबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती, तेव्हा आत सासू-सासऱ्याची जुंपली. साल असेल चौसष्ट. वर्सोव्यात घरांना भिंती असायच्या, पण त्या छपराला टेकू म्हणून. बोलणं सगळ्यांचं सगळ्यांना.

“जागा मोठीची. रीत हाय तशी,” महादू सासरा म्हणत होता.

“रीत गेली खाडीत!” सोनूबाई कडाडली. “माझे गुडघे गेले म्हणून जागा देतेय, गिऱ्हाईक घालवायला नाय. सगुणा हसून बोलते. सरू हसली तर माणसाला वाटतं, चावते की काय.”

“पण मासा कळतो तो सरूला.”

“मासा थोडाच पैसे देतो? देतो तो माणूस.”

सरूबाईच्या हातातला बोंबील हातातच राहिला.

जागा म्हणजे अंधेरीच्या बाजारातली दोन हात फरशी. सोनूबाईच्या आधी तिथं तिची सासू बसायची. सोनं काय, लग्नात सगळ्याच सुनांच्या अंगावर चढतं. सासूने जागा कुणाच्या हाती दिली, त्यावरून कोळीवाडा सुनेचं वजन करायचा. जागा गेली धाकट्या जावेला, सगुणाला. मोठीच्या डोक्यावर आली फिरतीची टोपली, सांताक्रूझच्या गल्ल्यांतून दारोदार.

नवऱ्याकडे, चंदूकडे, रडून झालं. “आयची मर्जी,” तो जाळं विणता विणता म्हणाला आणि पुढची गाठ मारली.

तेव्हापासून सगुणाच्या वेणीत अबोली दिसली की सरूबाईला घास उतरेना. सगुणाने हिरवं लुगडं घेतलं, तर ही म्हणाली, “रंग जाईल बघ.” रंग गेला नाही, तेव्हा तिला त्या रंगाचाही राग आला. सासू वारली तरी राग काही वारला नाही. उलट आता भांडायचं कुणाशी, म्हणून सगळाच्या सगळा सगुणाच्या वाट्याला आला.

मग एका पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्यावर, सगुणा धक्क्यावर घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. “पाय बरा होईस्तोवर तू बस, वयनी,” ती म्हणाली.

सरूबाई बसली. अबोली माळून, ठेवणीतलं लुगडं नेसून बसली. हसूनसुद्धा बघितलं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, “सगुणा कुठाय?” एका बाईने पापलेट चारदा उलटंपालटं केलं, तेव्हा सरूबाईचं हसू संपलं. “घ्यायचं तर घे गो, कुरवाळतेस काय? पोर हाय काय तुझं?” ती बाई शेजारच्या कोळणीकडे गेली. तिच्या मागोमाग आणखी तिघी. संध्याकाळी निम्मी टोपली तशीच घरी आली. सासू खरं बोलली होती, हे सरूबाईला कळलं, आणि मेलेल्या बाईवर ती नव्याने चिडली.

आठवडाभराने सांताक्रूझच्या अनुपमाबाई पिशवी घेऊन थेट बाजारात हजर. फिरतीच्या पहिल्या दिवसापासूनचं हे घर.

“अगं, आहेस कुठं तू? आम्ही काय भोपळा खाऊन मरायचं?”

“तिकडे दुसऱ्या येतात की.”

“येतात. आणि विचारतात, कुठला देऊ? आई म्हणायची पसंती, शाळेत शिकवली निवड, आमचे हे म्हणतात चॉईस. मला त्यातलं एकही जमत नाही बाई! तू टोपली उतरवायचीस आणि सांगायचीस, आज हा घे. आमच्या अख्ख्या गल्लीचं तेवढंच ठरलेलं.”

घरी येऊन सरूबाईने ते जरा तिखटमीठ लावून सगुणाला सांगितलं. सगुणा हसेल असं तिला वाटलं होतं. सगुणा हसली नाही.

“तुला शोधत आली? बाजारापर्यंत?” पलीकडे बघत ती म्हणाली. “माझी गिऱ्हाईकं शेजारी चार आणे कमी झाले की तिकडे वळतात. माझ्यासाठी सात-आठ वर्षांत कुणी कोपऱ्यापर्यंत आलं नाय.”

तिच्या डोळ्यांत जे होतं, ते ओळखायला सरूबाईला वेळ लागला नाही. ते जनावर तिने स्वतःच्या घरात पोसलं होतं. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

प्लास्टर निघालं तेव्हा सगुणा हळूच म्हणाली, “वयनी, जागा तूच ठेव. रीतीने तुझीच. मी करीन फिरती.”

इतकी वर्षं जिच्यासाठी जळली, ती जागा समोर आयती वाढून आली होती. सरूबाईने सगुणाकडे नीट बघितलं.

“माझ्या घरांकडे फिरकलीस ना,” ती म्हणाली, “तर दुसरा पाय मी मोडीन.”

जागा सगुणाकडेच राहिली. सरूबाई पुन्हा टोपली घेऊन निघाली. जळणं काही थांबलं नाही, पण आता दोन्हीकडून चालायचं. एकतर्फी जळण्यापेक्षा त्यात सोबत होती.

तिची शेवटची फेरी अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षातली; ती शेवटची, हे ना तिला ठाऊक होतं ना गिऱ्हाइकांना. गुरुवार नव्हता, म्हणून सगळ्या घरांत मासा चालत होता. अनुपमाबाईंच्या दारात तिने टोपली उतरवली. बाईंनी सुरमईकडे बोट केलं, तिने ते बोट बाजूला सारलं.

“ती नको, बर्फातली हाय. मांदेली घे. पोरं खातील.”

मांदेली साफ करून दिली, डोकी मांजराला टाकली, तांब्याभर पाणी मागून प्यायली. मग डोक्यावर चुंबळ ठेवली, “हात लाव गो जरा,” म्हणत टोपली चढवली आणि शेजारच्या दाराकडे वळली.