अडगळीची खोली

परवा वारज्यातल्या आमच्या फ्लॅटची बँकेच्या माणसाने मोजणी केली. हातातल्या यंत्राचा लाल ठिपका भिंतीवर पाडला, बटण दाबलं, झालं. मला मात्र आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फार आठवण आली.

मी शिकायला परदेशी निघाले, तेव्हा घरच्यांना माझा खर्च झेपेल हे व्हिसासाठी कागदावर दाखवायचं होतं. बँकेतली शिल्लक अपुरी होती. एजंट म्हणाला, घर आहे ना? सरकारमान्य व्हॅल्युअरकडून त्याची किंमत लिहून आणा. धायरीतलं घर आप्पांनी स्वतः उभं राहून बांधलेलं. मला वाटलं, चला, सुटलो.

पण गाव महापालिकेत गेल्यापासून आमच्याकडे टेप घेऊन येणारा माणूस म्हणजे घरपट्टी वाढवणारा माणूस. टेप दिसली की अख्ख्या गल्लीतली घरं एकदम गरीब व्हायची. पोटमाळे गायब, वरच्या खोल्यांना कुलपं. आप्पा तर त्यात वस्ताद.

व्हॅल्युअर शनिवार पेठेतले, वयस्कर, मोजकं बोलणारे. त्यांनी टेप काढली आणि आप्पा सुरू झाले. भिंतींना ओल धरते, फरशी खचलीय, पाणी येतं कधी आणि जातं कधी. वरच्या खोलीबद्दल विचारल्यावर म्हणाले, "तिथं काय नाय साहेब, नुसती अडगळ हाय." मी मागून खुणा करून दमले. व्हॅल्युअरांनी शांतपणे चष्मा पुसला.

"आपण मुलीला परदेशी पाठवताय, की घरासाठी वर्गणी गोळा करताय?"

वरची खोली त्यांनी मोजलीच नाही आणि किंमत कमी भरली. एजंटाने मान हलवली, म्हणाला, एवढ्यावर व्हिसा मिळणं कठीण. त्या रात्री मी जेवले नाही. आप्पा ओशाळून दारात बसले होते. टेप बघितली आणि तोंडातून आपसूक निघालं, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतः पेठेत जाऊन व्हॅल्युअरांना घेऊन आले. परत यायची फी वेगळी पडेल, हे त्यांनी रस्त्यातच सांगून टाकलं होतं.

या खेपेला आप्पांनी सगळी दारं उघडली. उंबऱ्याचा दगड कुठून आणला, जिना मनासारखा होईना म्हणून कसा पाडून पुन्हा बांधला, सगळं सांगत सुटले. बोलताना भिंतीवरून हात फिरवत होते. ते घराचं कौतुक करतायत हे मी जन्मात पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला उगाच रडू येत होतं.

शेवटी वरच्या खोलीचं कुलूप काढलं. मी तिथे फक्त वाळवणं ठेवायला जायची. पूर्वेला मोठी खिडकी होती, खिडकीला लागून ओटा, भिंतीत पुस्तकांसाठी कप्पे. हे सारं कोणासाठी, असं कधी मनातही आलं नव्हतं. व्हॅल्युअरांनी नेमकं तेच विचारलं.

"हिच्यासाठी बांधली," आप्पा म्हणाले. "शिकून नोकरीला लागली तरी हितंच राहील, असं वाटलं व्हतं."

व्हॅल्युअरांनी टेप हातात घेतली. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मोजायची ना?"

"मोजा की," आप्पा म्हणाले, आणि टेपचं दुसरं टोक स्वतःच्या हातात घेऊन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.